किल्लारीच्या लेकीनं निवडलेला ब्लॉक

वरच्या मजल्याच्या स्लॅबचा ब्लॉक आमच्या बायकोनं, सुनीतानं, कसा निवडला, ते तुम्हाला सांगितलंच न्हाई बघा. तयार बीम टाकायचे, मधात सिमेंटचे ब्लॉक बसवायचे आन वरून काँक्रीट, असं ठरलं होतं. सुनीताचं माहेर किल्लारीचं. भूकंपात डोक्यावरचं दगडमातीचं माळवद पडलं आन तिची आई गेली. तवापासून तिचे वडील, अण्णा, पत्र्याच्या शेडातच झोपतात. पक्क्या छताखाली पाठ टेकत न्हाईत.

लातूरच्या दुकानदारानं भरीव ब्लॉक पुढं केला. "घ्या साहेब, निव्वळ दगड हाय हा!"

सुनीता म्हणाली, "डोक्यावर दगड होते म्हणूनच माझी आई गेली, भाऊ. हलका दाखवा."

"ताई, पोकळ ब्लॉक मोडला म्हणजे?"

"मोडतो का ते बघू की."

तिनं तिथंच दोन बीमवर पोकळ ब्लॉक ठेवायला लावला आन चपला काढून वर उभी राहिली. मग खाली उतरून मला म्हणाली, "आता तुम्ही चढा." माझं वजन तुम्हाला माहीतच हाय. चढलो. ब्लॉकनं हूं का चूं केलं न्हाई! आमच्या इंजिनिअरला फोन लावला, तर तो म्हणाला, "वहिनींचं बरोबर हाय. आपल्या भागात वर जेवढं वजन कमी, तेवढं चांगलं."

वास्तुशांतीला अण्णा आले. सुनीतानं उरलेला एक ब्लॉक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोलून बघितला, छताकडं बघितलं, पोटभर जेवले आन तिथंच सतरंजीवर आडवे झाले.

पाहुण्यांचा गलका चालूच होता. सुनीता दारात उभी राहून म्हणाली, "जरा हळू बोला. अण्णा घरात झोपलेत."