सगळ्या गावाला ताप

माझी मोठी बहीण बैहरकडे नर्स आहे. त्या दिवशी ती एका गावात घरोघरी ताप मोजत फिरत होती, आणि तिने तोवरच्या चाळीस जणांची यादी मला बालाघाटला मोबाईलवर पाठवली. आकडे फॅरनहाइटमध्ये होते, डॉक्टरांना हवे होते सेल्सिअसमध्ये. मी कॉम्प्युटर शिकवतो, म्हणून लगेच प्रोग्राम लिहिला. एक फंक्शन आकडा बदलणार, दुसरं ताप किती जास्त ते ठरवणार, आणि लूप एकेक नाव घेत जाणार. निकाल आला तर सगळ्यांनाच जबर ताप! मी घाबरून फोन केला.

"ताई, पूरं गाव तापानं फणफणून राह्यलं!"

"काहून? हे लोक तर माह्यासमोर चहा पिऊन राह्यले. तूच पाह्य एकदा."

पाहिलं, तर दुसऱ्या फंक्शनला मी बदललेला आकडा दिलाच नव्हता. ते साध्या अठ्ठ्याण्णव फॅरनहाइटलाच सेल्सिअस समजत होतं. दुरुस्त केलं, तेव्हा जबर ताप एकाच नावापुढे उरला. ते नाव ताईचं होतं.

"ताई, तुले एकशे तीन ताप आहे?"

"हौ, मालूम आहे मले," ती शांतपणे म्हणाली. "अजून चार घरं राह्यली ना."