कडीवरचं घरटं

(मठाचं जाडजूड लाकडी फाटक. आत फाटक सांभाळणारी ताई, बाहेर तिचा धाकटा भाऊ. मधे हाताएवढी झडप, तेवढीच उघडी.)

भाऊ: एक कडी काढायला एवढा वेळ? ताई, आई गाडीत आडवी आहे. ऑक्सिजन लावलाय तिला.

ताई: हळू बोल. कडीवर घरटं आहे.

भाऊ: कसलं घरटं?

ताई: पाखराचं. आमच्या मठात घरटं हलवत नाहीत. पिल्लं उडेपर्यंत फाटक बंद.

भाऊ: अगं, मग तुम्ही जाता-येता कशा?

ताई: जात नाही. मागे एकदा विहिरीच्या रहाटावर घरटं होतं. तेव्हा हौदातलं शेवाळलेलं पाणी प्यायलो. दोघी आजारी पडल्या. पिल्लं मात्र सगळी जगली.

भाऊ: धन्य आहात! पण डॉक्टरांनी हात टेकलेत गं. आजचा दिवस निघाला तरी खूप. सारखं तुझंच नाव घेतेय.

ताई: आठवलं का तिला माझं नाव?

भाऊ: ताई, टोमणे नंतर मार. मी शिडी लावतो, भिंतीवरून ये.

ताई: भिंतीवर वेल आहे. वेल तुडवायची नसते.

भाऊ: बरं, मग तिलाच स्ट्रेचरवरून इथं आणतो. झडपेतून नुसतं बघ. एवढं तरी करशील?

ताई: आणलीस तर झडपही लावून घेईन.

भाऊ: शुद्धीवर आहेस ना? आई तर सांगायची, ताई हौसेनं राहिली तिथं, झाडाझुडपांचा फार लळा तिला.

ताई: सहा वर्षांची होते मी. हौस कसली डोंबलाची? तू तिच्या कडेवर होतास, अंगठा चोखत. मला त्या पायरीवर बसवलं, तू आत्ता उभा आहेस ना, तिथंच. म्हणाली, “इथेच थांब, मी आलेच.” अंधार पडला तरी मी उठले नाही. उठले आणि नेमकी ती आली तर? शेवटी आमच्या थोरल्या माईंनी उचलून आत आणलं.

भाऊ: बाबा गेले होते गं. दोघांना एकटीनं सांभाळायचं म्हणजे...

ताई: एकाला सांभाळलं की.

भाऊ: यात माझं काय चुकलं?

ताई: काही नाही. तू कडेवर होतास.

माई: कोण गं ओरडतंय फाटकाशी?

भाऊ: माई, तुम्हीच ना इथल्या मोठ्या? मी हिचा भाऊ. आई गाडीत शेवटच्या घटका मोजतेय. हिला म्हणावं, उघड.

माई: अगं पोरी, आई आलीय तुझी! मग उभी काय राहिलीस?

ताई: घरटं आहे, माई. नियम तुम्हीच घालून दिलात.

माई: नियम जिवासाठी आहे, काड्यांसाठी नाही. मला मेलीला दिसत नाही, तू बघून सांग. अंड्यांत जीव असेल तर माझा इलाज नाही. नसेल तर आत्ताच्या आत्ता उघड.

ताई: बघते.

माई: अलगद हं. काय म्हणतायत?

ताई: उबदार आहेत, माई. तिन्ही.

माई: पाखरू बसतंय त्यांच्यावर?

ताई: आत्ताच उडालं, याच्या आवाजानं.

माई: अरेरे! बाळा, माफ कर रे आम्हाला. तीन जीव मोडून दार कसं उघडू? मी प्रार्थनेला बसते तुझ्या आईसाठी. दुसरं काय आहे माझ्या हातात?

ताई: सांभाळून, माई. डावीकडे पायरी आहे. भिंतीला धरून जा.

भाऊ: ताई.

ताई: बोल.

भाऊ: पाखरू उडालं म्हणालीस. मी मघापासून इथं आहे. एक पंखसुद्धा फडफडला नाही.

ताई: नाही फडफडला.

भाऊ: म्हणजे?

ताई: ते केव्हाच सोडून गेलं. अंडी दगडासारखी गार पडलीत.

भाऊ: मग उघड ना गं! माईच म्हणाल्या तसं!

ताई: हो, म्हणाल्या.

भाऊ: मी ओरडेन. परत बोलावेन त्यांना.

ताई: ओरड. इतक्या वर्षांत मी माईंशी एकदाही खोटं बोललेली नाही. तुझं कोण ऐकणार?

भाऊ: पाया पडतो तुझ्या. तो बघ, गाडीवाला हात करतोय. ती विचारत असणार, ताई येतेय का. काय सांगू मी तिला?

ताई: इकडे बघतेय का ती?

भाऊ: दुसरीकडे कुठं बघेल? मान वळवता येत नाही तिला, तरी डोळे फाटकाकडेच लावलेत.

ताई: मग तिला सांग, इथेच थांब, मी आलेच.