म्हाताऱ्या राजाचा झगा

बसमध्ये एका आजीबाईंच्या मागच्या बाकावर नाट्यशाळेतल्या दोन मुली येऊन बसल्या. एकीच्या मांडीवर भलामोठा मखमली झगा होता, आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू होता.

"अगं, मापं घेताना आमचा राजा ताठ उभा! छातीबिती काढून."

"मग?"

"मग काय! नाटकात राजा ऐंशीचा, कमरेत वाकलेला. काल झगा घालून हा वाकला, तर मागून पोटऱ्या उघड्या आणि पुढून जमिनीवर झाडू!"

"अगं बाई! सरांसमोर?"

"समोरच बसले होते. वर्षाचे गुण ह्याच झग्यावर आहेत माझे."

"पडला का गं तो?"

"नाही ना! पायात येतोय म्हणून त्यानं एका हातानं पुढचा घेर उचलला आणि जपून जपून पायरी उतरला. सर ओरडलेच, 'आज झालास म्हातारा!' आता पुढचं कापड बोटभरही कमी करायचं नाही म्हणाले. मागे तेवढी पट्टी जोडायची."

"म्हणजे चूक पथ्यावर पडली की तुझ्या."

"चूक काय म्हणतेस? शिवणकाम म्हण!"

"बरं बाई. पण उचलतो म्हणजे नेमका कसा?"

"ते सांगून नाही कळायचं. बघायलाच हवं."

बस थांबली. आजीबाई उठल्या, दारातली दांडी धरली, दुसऱ्या हातानं आपल्या पायघोळ कोटाचा घेर उचलला आणि एक पाय खालच्या पायरीवर टेकवला.

"ए, बघ बघ! अगदी अस्सा!"

आजीबाईंनी टेकवलेला पाय पुन्हा वर घेतला, आणि तीच पायरी पहिल्यापासून, सावकाश उतरल्या.