मिसर देशातली बाई

हसा लेकहो, पण संशय काय असते ते मले इचारा. लढाईत मी मिसर देशात होतो, तेव्हा तिथल्या गोंदणाऱ्याकडून हातावर एक खूण काढून घेतली. वर गोल, मधात आडवी दांडी, खाली उभी दांडी. तिथल्या जुन्या राजांची आयुष्याची खूण हाये, असं त्यानं सांगतलं.

परत आल्यावर काही वर्षांनी लग्न झालं. पहिल्याच आठवड्यात बायकोनं हात धरला.

“ही बाई कोण?”

“बाई नाई अवं, आयुष्याची खूण हाये.”

“हे डोकं, हे पसरलेले हात, हा झगा. मले दिसत नाई काय? मेल्यावर सारं इथंच राह्यते, सोबत फक्त गोंदण जाते. मंग वर तुमच्यासंगं हीच जाईन काय?”

मी शपथा खाल्ल्या. ते चुलीकडं वळली. मले वाटलं, पटलं.

पुढच्या बाजाराले ते आष्टीले गेली आन् गोंदणारीकडून हात सुजवून आली. पाहतो तं हातावर माणूस! डोक्यावर फेटा, ह्या एवढ्या मिशा.

“हा कोण?” मी ओरडलो.

“माणूस नाई जी,” ते म्हणे, “आयुष्याची खूण हाये.”

तवापासून दर बाजाराले मी आष्टीत फेटेवाल्यांच्या मिशा पाहत फिरतो. काऊन का मले मिशा नाई, आन् फेटा तं मी लग्नातही बांधला नव्हता.