एका खोलीचे दोन अर्ज

जो कागद मजला वाचता येत नव्हता तो हातात धरून मी भर सभेत उभी राहिल्ये, हा माझा राजकारणातला पहिला पराक्रम. आता एकाहत्तर वर्षांची झाल्ये, तरी तो दिवस आठवला की एकटीच हसत्ये. सून विचारते, काय झालं अम्मा, मी म्हणत्ये, काही नाही ग, एक मूर्ख बाई आठवली.

काय सांगू तुम्हांला, मी तेव्हा नवी नवी कौन्सिलर, विरोधी पक्षाची, अंगावर लग्नातलं कांजीवरम, केसांत हातभर मोगरा, जसं काही कोणी मजला बघायलाच येणार होतं. अर्ज एवढाच की आमच्या वॉर्डातल्या शाळेत शनिवारी एक तास आमच्या मराठी पोरांना आमची अक्षरं शिकवा. आम्ही इथं तमिळ मुलुखात, जुन्या मराठी राजांच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत किती पिढ्यांचे, इथले लोक आम्हांला राव म्हणतात, घरात मराठी बोलतो, पण लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरं. माझी आई तिच्या आईला पत्र लिहायची, भाषा मराठी, अक्षर तमिळ, लोणच्याच्या बरणीवरची चिठ्ठीसुद्धा तशीच. आणि मी शहाणीनं काय केलं, अर्जाला वजन यावं म्हणून एका म्हाताऱ्या मास्तरांकडून तो नागरी अक्षरांत लिहवून घेतला. डोक्यावर रेघ ओढलेली ती मोठी मोठी अक्षरं बघून वाटलं, वा, हा तर दरबारातला खलिता. खाली साठ घरांच्या सह्या, सगळ्या तमिळमध्ये. सही करणाऱ्या एकालाही वर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि तो कागद दारोदार घेऊन हिंडणारीलाही येत नव्हतं.

सभेचे अध्यक्ष गोड माणूस, फार गोड, गोड बोलूनच ते सगळ्यांना गप्प करायचे. ते म्हणाले, कौन्सिलर अम्मा, तुमची भाषा आम्हांलाही ऐकू द्या, वाचा की अर्ज. मी कागद बघत्ये, कागद मजकडं बघतोय. अहो, अर्ज माझाच, शब्द माझेच, तोंडानं घडाघडा सांगितला असता तरी चाललं असतं, पण ते सुचायला डोकं हवं ना. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा माझ्या नाकावर होता, बाई. अध्यक्षांनी आपला चष्मा काढून शिपायाच्या हाती पाठवला आणि म्हणाले, एकावर एक घालून बघा अम्मा. सगळी सभा हसली, आमच्या पक्षाचे तर जास्तच हसले. अर्ज पुढच्या सभेवर गेला, आणि तो पुढं पुढंच जात राहिला.

आता मूळ सांगत्ये. माझा जन्म इथलाच, त्याच गल्लीत. वडील शिंपी. मशीन बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर असायची, आम्ही पोरं चिंध्या गोळा करायचो. शाळा तमिळ, खेळ तमिळ, भांडण तमिळ, पण आई जेवायला हाक मारायची ती मराठीत, म्हणून मराठी म्हटलं की मजला अजून भूकच लागते. लग्न मामाच्या मुलाशी, पापनाशमला, आमच्यात तसंच करतात. नवरा भातगिरणीत कामाला. भला माणूस, बोलायचा कमी, म्हणून दोघांचं बोलणं मीच करायची. तो छातीच्या दुखण्यानं गेला तेव्हा मी बत्तीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. सासरचे राहा म्हणाले, मी म्हटलं नाही, आणि पुन्हा त्याच तिण्णैवर येऊन वडिलांच्या मशीनवर बसल्ये. बायकांच्या रवक्कै, म्हणजे झंपर हो, ते शिवायला लागल्ये.

आणि इथं माझी दुसरी मूर्खता, नाही, मूर्खता म्हणू नये, पापच ते. झाडूवाल्या बायकाही माझ्याकडं शिवायला यायच्या. त्यांनी कापड तिण्णैच्या कडेला ठेवायचं, मागं सरायचं, मग मी ते उचलायचं. आई दारात बसून बघायची. आणि माप? माप मी नुसत्या नजरेनं घ्यायची. वर गल्लीभर मिरवायची की मजला टेप लागत नाही, एकदा बघितलं की छाती, खांदा, दंड सगळं डोक्यात. राजवाड्याकडच्या बायका आल्या की मात्र टेप निघायची. हे माझं मजलाच कधी दिसलं नाही, बघा. एकदा सेल्वी म्हणून एक झाडूवाली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तिचा झंपर असा घट्ट झाला की हात वर करून झाडू मारता येईना. ती सरळ आली, रस्त्यात उभी राहिली, चार बायकांपुढं म्हणाली, अक्का, तुमची नजर चांगली आहे, पण ती माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच वळते, टेप घ्या. आई आतून ओरडली. मी टेप घेतली. ती तिच्या खांद्यापासून बोटभर दूरच धरून राहिल्ये. सेल्वी म्हणते, अक्का, चावत नाही मी. तेव्हापासून ती माझी मैत्रीण. मैत्रीण म्हणजे ती मजला बोलते आणि मी ऐकत्ये.

पुढं आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. विरोधी पक्षाला उभी करायला बाई मिळेना, हरायला कोण उभं राहणार. त्यांचा माणूस माझ्या भावजयीला विचारायला आला, ती नाही म्हणाली, मी मशीनवरूनच म्हटलं, मी राहत्ये. तो माझ्या पायाशी पडलेल्या चिंध्यांकडं बघत म्हणाला, बरं. प्रचार सेल्वीच्या बायकांनी केला, झाडता झाडता दारोदार सांगितलं, आणि आमच्या गल्ल्यांनी आपली म्हणून मतं दिली. दोघांनाही मी शब्द दिला होता. आमच्या लोकांना अक्षरांचा तास. सेल्वीच्या बायकांना एक खोली, आतून कडी लागेल अशी, पाण्याच्या नळासकट. त्या पहाटे येतात, झाडतात, गटारं उपसतात, आणि मग कपडे कुठं बदलायचे, भात कुठं खायचा? कचऱ्याच्या गाडीच्या आडोशाला. परवापरवापर्यंत खायच्या हो, मी गेल्या वर्षाचं सांगत्ये, पूर्वीचं नाही.

त्या चष्म्याच्या दिवसानंतर मी मास्तरांकडं जाऊन नागरी शिकल्ये. वय पन्नास, हातात नातीची पाटी. मास्तर म्हणायचे, अम्मा, रेघ सरळ, ही शिलाई नव्हे. एक वर्ष लागलं. मग दर वर्षी दोन अर्ज. मध्ये दोनदा पडल्ये, तीनदा निवडून आल्ये. वर सरकारं बदलली, मी ज्या बाजूला ती बाजू विरोधीच, माझ्या पायगुणाची तर पक्षात चेष्टा होते. सभेत मी उठल्ये की पलीकडचे म्हणतात, आली, खोलीवाली आली. माईक बंद होतो. मशीनवर बसून रस्त्यापलीकडच्या बाईशी बोलणारीला माईक कशाला लागतो, मी तशीच बोलत्ये. पण ओरडून काय, कागद जागचा हलत नाही.

तुमच्याकडचेही येतात की, महाराष्ट्रातले. शाल घालतात, फोटो काढतात, म्हणतात, धन्य तुम्ही, एवढ्या लांब भाषा राखलीत. मी म्हणत्ये, एक शिकवणारा द्या हो. हो हो म्हणतात, ग्रंथालय बघतात, देऊळ बघतात, जातात. माझ्या कपाटात सात शाली आहेत, इथल्या उकाड्यात.

तर खोली. शाळेत एक खोली रिकामी, एकच. आणि सभेत दर वेळी एकच उत्तर, खोली एक, अर्ज दोन, अम्मा, तुम्ही निवडा. मी निवडावं, म्हणजे एक तर आमच्या लोकांनी मजला शिव्या घालाव्यात, नाही तर सेल्वीच्या, आणि यांनी कापी, म्हणजे कॉफी हो, पीत बघत बसावं. मी यंदा काय केलं, अगदी साधी गोष्ट. म्हटलं, बायकांना खोली पहाटेपासून दहापर्यंत लागते, पोरांना शनिवारी संध्याकाळी. एकच खोली दोघांना पुरते. हे लिहून दिलं, तमिळमध्ये, सगळ्यांना वाचता येईल असं. अधिकारी म्हणाले, एका खोलीला दोन उपयोग दाखवता येत नाहीत. मी विचारलं, तुमच्या घरात जेवता त्याच खोलीत झोपत नाही? ते म्हणाले, माझं घर तीन खोल्यांचं आहे. आता अशा माणसाला काय सांगणार.

पण खरा घाव तिथून नाही आला. सदाशिवराव मामा, आमच्या गल्लीतले वडीलधारे, नात्यानं लांबचे, माझ्या पहिल्या अर्जावर पहिली सही त्यांची. ते घरी आले, कापी घेतली, म्हणाले, बाळ, तू आपली. आपली पोरं त्या बायका कपडे बदलतात त्या खोलीत बसून अक्षरं गिरवणार? मी म्हटलं, मामा, खोली धुतात की. ते म्हणाले, प्रश्न धुण्याचा नाही. मी म्हटलं, मग कशाचा आहे, बोला, उघड बोला. त्यांनी पेला खाली ठेवला. आणि त्यांच्या पुढं बसून मजला माझीच ती नजरेची मापं आठवली. चाळीस वर्षांपूर्वी मीही हेच म्हटलं असतं, वर गल्लीभर मिरवलं असतं.

पुढच्या सभेत अध्यक्षांनी, आता नवे आहेत, हेही गोडच आहेत, एक अर्ज वाचून दाखवला. राजवाडा भागातल्या मराठी कुटुंबांचा, अशी व्यवस्था असेल तर आम्हांला तास नको. सुरेख तमिळ, एक चूक नाही. साठातली चाळीस घरं. मी ऐकत होत्ये, प्रत्येक नाव ओळखीचं, कोणाचं बारसं मी जेवल्ये, कोणाच्या सुनेचा लग्नाचा झंपर मी शिवला. अध्यक्ष म्हणाले, कौन्सिलर अम्मा, तुमच्याच लोकांना नको आहे, आता सांगा, कोणता अर्ज ठेवू, कोणता काढू?

मी उठल्ये. बोलायचं खूप होतं, वीस वर्षांचं साचलेलं. एवढंच म्हटलं, बायकांचा ठेवा. आणि आमच्या तासाच्या अर्जावर तिथल्या तिथं मागे घेतला असं लिहिलं, सही केली. सही नागरीत केली, कोणाला वाचता आली नाही, न येवो.

खोली मंजूर झाली. नळ आला, कडी आली, हे खरं, झालं ते झालं म्हणत्ये मी. पण गल्लीत महिनाभर कोणी मजशी नीट बोललं नाही. मामांच्या घरचं बोलावणं आलं नाही. नात म्हणते, पाटी, म्हणजे आजी हो, तू तर हरलीस. मी तिला मराठीत उत्तर दिलं, तिला कळलं, पण ती बोलली तमिळच. ते काही चुकत नाही, ती जिथं राहते तिथलीच बोलते. मजला राग तिचा नाही. राग याचा येतो की दोन गरजा होत्या, दोन्ही खऱ्या, आणि एकीला दुसरीच्या अंगावर घालून लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात माझेही लोक.

मग गेल्या आठवड्यात सेल्वी आली. आता तीही साठीची, गुडघे गेलेत, कामावर तिची सून जाते. तिण्णैवर बसली, माझ्या शेजारी, पाय सोडून. मी म्हटलं, तुमचं झालं, आमचं राहिलं. तिनं पान लावलं, खाल्लं. आणि उठताना जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत सांगत्ये, फक्त भाषा माझी आहे:

अक्का, खोलीची चावी आमच्याकडं असते. शनिवारी तुमच्या रावांची पोरं आली तर मी दार उघडीन. पण त्यांना म्हणावं, चपला बाहेर काढा, पाय धुवून या, आम्ही खोली फार स्वच्छ ठेवलीय.