दोष येतो कुणाकडून

वंध्यत्वाच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक आई आणि तिचा बियाणं संशोधक मुलगा बसले होते.

"आपल्या घराण्यात असलं काही नाही. सूनबाईला तपासा म्हणावं."

"तिची तपासणी झाली, आई. ती ठणठणीत आहे. आता माझी."

"दिवसभर त्या वांझोट्या सूर्यफुलांत राबतोस, त्यांचंच लागलं असणार."

"वांझोटी नाहीत गं ती. त्यांच्यात फक्त पराग नसतो, म्हणून दुसऱ्या वाणाचा पराग घेऊन संकरित बी धरतात. तो दोष आम्ही मुद्दाम जपतो."

"जपता? आणि वर पगार घेता?"

"घेतो."

"मग हा दोष त्यांच्यात येतो कुठून?"

"आईकडून. फक्त आईकडून."

आईने मांडीवरची पर्स जवळ ओढली.

"आई, मी फुलांबद्दल बोलतोय."

"आणि बाप काय करतो?"

"योग्य बाप निवडला, तर लेकरांत पराग परत येतो. तो दोष बाप दुरुस्त करतो."

"तुझ्या बाबांनी उभ्या जन्मात घरातला नळ दुरुस्त केला नाही."

नर्सने दार उघडलं.

"तपासणीला कोण आहे? आत या."

मुलगा उठायच्या आत आई पर्स सावरत उभी राहिली.

"तू बस. आधी मला तपासू देत."