आक्काला समुद्रात उतरायचं होतं

समुद्राचं नाव काढलंत म्हणून सांगतो. इंग्रजांच्या अमलातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आक्का, वडगावात मागावर बसून बसून पायानं अधू झालती. वैद्यानं खाऱ्या पाण्यात उभं राहायला सांगितलं, म्हणून तिला वेंगुर्ल्याला नेलं. किनाऱ्यावर उतरायला पायऱ्या होत्या, पण पहारेकऱ्यानं अडवलं.

"ही वाट सायबांची. तुम्ही पलीकडच्या कातळावरून उतरा."

आक्का म्हणाली, "कातळावरनं चालवत न्हाय रं भावा."

"मग परत जा."

मी हात जोडले, तरी तो ऐकेना. शेवटी कातळावरून जाऊन मी तांब्याभर पाणी आणलं आणि तिच्या पायांवर ओतलं.

घरी आल्यावर शेजारणीनं विचारलं, "उतरलीस काय गं समुद्रात?"

"व्हय की, गुडघाभर पाण्यात," आक्का म्हणाली. माझ्याकडं मात्र तिनं बघितलं न्हाय.